रविवारची सायकल आणि बुधवारची सायकल

सायकल हे वाहन आहे की करमणुकीचे साधन, या प्रश्नाचे उत्तर पुणे शहर वाराप्रमाणे बदलते. रविवारी पहाटे ती आरोग्याचे, आनंदाचे आणि काही अंशी प्रतिष्ठेचे साधन असते. बुधवारी सकाळी दहा वाजता तीच सायकल वाहतुकीतला अडथळा ठरते. ज्या शहराने आपल्या पेठांना वारांची नावे दिली, त्याला ही वारावारची नीती कदाचित शोभतही असेल. परंतु नदीकाठी आणि उद्यानांच्या कडेने सायकलमार्ग बांधण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होऊ लागला, की हा पैसा कोणत्या वाराच्या सायकलीसाठी आहे, असा प्रश्न करदात्याने विचारणे आवश्यक ठरते.

रविवारच्या सायकलीची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. बुधवार पेठेतून अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने उघडण्यापूर्वी निघावे आणि बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्यापाशी यावे. शिवाजी पुलावरून मुठा ओलांडली की पलीकडे १९६८ मध्ये उभे राहिलेले बालगंधर्व रंगमंदिर आणि त्याच्या शेजारची संभाजी बाग लागते. तेथून डेक्कनला वळसा घालून फर्ग्युसन रस्त्याच्या झाडांखालून संगम पुलाकडे जावे. मुळा आणि मुठा जेथे एकत्र येतात तेथे, निदान पहाटेच्या धुक्यात, या नद्यांची आजची अवस्था क्षणभर विसरता येते. पुढे बंडगार्डन येते. जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने १८५० मध्ये येथे जो बंधारा पुरा झाला, त्यावरूनच या बागेला ते नाव पडले. शेजारी एकोणिसाव्या शतकातला फिट्झजेराल्ड पूल अजून उभा आहे. मग कोरेगाव पार्क, एम्प्रेस गार्डनची जुनी झाडे, लष्कराचा भाग, पर्वतीच्या पायथ्याचा पेशवेकालीन तळ्यातला गणपती आणि सारसबाग. तेथून बाजीराव रस्त्याने पुन्हा बुधवार पेठ. रस्ते मोकळे असतील तर ही फेरी निवांत चालीने दीड-दोन तासांत पुरी होते आणि शहराचा तीन शतकांचा इतिहास डोळ्यांखालून जातो. असे वर्तुळ भारतातल्या फार थोड्या शहरांना लाभले आहे.

मात्र हे सुख बहुधा सकाळी आठपर्यंतचेच असते. त्यानंतर त्याच रस्त्यांवर तेच वर्तुळ पुरे करणे हे धाडसाचे काम होते. याचा अर्थ असा, की आज पुण्यात अशी सायकलफेरी शक्य होते ती नगररचनेमुळे नव्हे, तर बाकीचे शहर झोपलेले असते म्हणून.

या ठिकाणी पुणेकराला जुन्या दिवसांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुणे हे सायकलींचे शहर होते. कारखान्यांचे भोंगे, महाविद्यालयांच्या घंटा आणि कचेऱ्यांच्या वेळा सायकलींच्या थव्यांशी जुळलेल्या होत्या. तासाच्या हिशेबाने भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. सायकलीला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि दिवा नसला की पोलिसाची गाठ पडे. पुण्याच्या मध्यमवर्गातली मुलगी कोणाच्या सोबतीवाचून महाविद्यालयात जाऊ लागली, त्यात या दुचाकीचा वाटा लहान नव्हता. हे सारे खरे. परंतु त्या आठवणींना जरा आवर घातलेला बरा. त्या काळी बहुसंख्य लोक सायकल वापरीत, ते पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. दुसरे वाहन परवडत नव्हते, शहर लहान होते, आणि पेठेतून निघालेला माणूस वीस-पंचवीस मिनिटांत कामाच्या जागी पोहोचत असे. ज्या वर्गाला पर्याय मिळाला त्याने सायकल सोडली, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे ढोंगीपणाचे होईल.

पर्याय पुरविणारेही पुण्याच्या परिसरातलेच होते, हा इतिहासाचा एक मजेदार भाग आहे. बजाजची 'चेतक' १९७२ मध्ये बाजारात आली आणि पुण्याच्याच कायनेटिक इंजिनिअरिंगची 'लूना'देखील त्याच वर्षी आली. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नोंदणी करून थांबत; 'लूना' सायकलस्वाराला अल्प किमतीत इंजिनाचे सुख देई. १९९१ नंतर नोंदणीची प्रतीक्षा संपली आणि हप्त्यांची सोय आली. शहर चहूबाजूंनी पसरले, घर आणि काम यांमधले अंतर वाढले, रस्ते वाहनांच्या वेगासाठी आखले जाऊ लागले. उड्डाणपूल झाले, एकेरी वाहतूक आली. यांतला प्रत्येक निर्णय सुटासुटा पाहिला तर समर्थनीय वाटतो. त्यांची बेरीज मात्र अशी झाली, की सायकल चालविणे हे गैरसोयीचेच नव्हे तर धोक्याचे ठरले. सायकलीची मागणी केवळ उत्पन्न वाढले म्हणून घटली नाही. सायकलस्वाराला मोजावी लागणारी जोखमीची किंमत वाढत गेली, म्हणूनही ती घटली.

आणि तरीही ती नाहीशी झालेली नाही. बुधवार पेठेत आजही सायकल आहे. वृत्तपत्रांचे गठ्ठे वाहणारा मुलगा, दुधाच्या पिशव्या पोचविणारा, तपकीर गल्लीतल्या दुकानांत माल नेणारा-आणणारा नोकर, रात्रपाळी करून परतणारा पहारेकरी, उपाहारगृहातला कामगार, हे लोक रोज सायकल चालवितात. त्यांच्या अंगावर विशिष्ट पोशाख नसतो, डोक्यावर शिरस्त्राण नसते, आणि त्यांच्या फेरीची नोंद कोठल्याही उपकरणावर होत नाही. त्यामुळे सायकलविषयक चर्चेत ते सहसा दिसत नाहीत. त्यांचा हिशेब मात्र सरळ आहे. पुण्याच्या बससेवेचे किमान तिकीट जून २०२५ मध्ये पाचाचे दहा रुपये झाले. जाऊन-येऊन दिवसाचे वीस रुपये धरले, तर महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांचे पाचशेवीस रुपये होतात. घरात दोन कमावती माणसे असतील तर हजाराच्या वर. बस बदलावी लागली किंवा अंतर वाढले की हा आकडा आणखी फुगतो. ज्याच्या हातात महिन्याला बारा-पंधरा हजार पडतात, त्याला ही रक्कम किरकोळ नाही. त्याच्या दृष्टीने सुरक्षित सायकलमार्ग हा वेतनवाढीसारखाच आहे, आणि तोही कोणत्याही मालकाला तोशीस न लावता मिळणारा.

शहराने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर जलद बससेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या बरोबरीने सायकलमार्गही आखले गेले. २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना होती, आणि २०३१ पर्यंत शहरातल्या एकूण फेऱ्यांपैकी पंचवीस टक्के फेऱ्या सायकलीने व्हाव्यात असे उद्दिष्ट होते. २०१७-१८ मध्ये भाडोत्री सायकलींच्या योजना आल्या. 'पेडल', 'ओफो', 'मोबाइक', 'युलू' अशा नावांच्या रंगीत सायकली रस्तोरस्ती दिसू लागल्या. 'ओफो'ने २०१८ मध्येच भारतातला कारभार आवरला, आणि बाकीच्यांचाही उत्साह फार काळ टिकला नाही. तासाने सायकल देणाऱ्या पेठेतल्या जुन्या दुकानाला जे साधले होते, ते परदेशी भांडवल पाठीशी असलेल्या कंपन्यांना साधले नाही. कारण दुकानदाराच्या काळात सायकल चालविण्याजोगे रस्ते होते.

या अपयशाचे कारण अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात सापडते. सायकल आणि सुरक्षित रस्ता या पूरक वस्तू आहेत. एकीचा पुरवठा वाढवून दुसरी तशीच ठेवली, तर पहिलीचा उपयोग होत नाही. शहरात जे मार्ग बांधले गेले त्यांची गत अशी, की दोनशे पावले नीट जावे, पुढे विजेची पेटी आडवी यावी, त्यापुढे वाहने उभी असावीत, आणि जेथे खरा धोका असतो त्या चौकात मार्गच संपावा. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते. सायकलमार्गाची सुरक्षितताही त्याच्या सर्वांत वाईट चौकाइतकीच असते. मग अशा तुटक मार्गावर सायकलस्वार दिसत नाहीत, म्हणून पुढचा मार्ग बांधण्यात अर्थ नाही असा निष्कर्ष काढला जातो. मार्ग नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून मार्ग नाही. सायकलीवर चर्चा करणारे बहुतेक ठराव याच घाण्याभोवती फिरत राहिले आहेत.

या पार्श्वभूमीवर मुळा-मुठा नदीकाठ सुधारणेच्या प्रकल्पाकडे पाहावयास हवे. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीपात्राचे काठ बांधून काढण्याची ही योजना असून तिचा अंदाजित खर्च सुमारे ४,७०० कोटी रुपयांचा सांगितला गेला. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिची कोनशिला बसली, आणि बंडगार्डनच्या परिसरातले काम आरंभीच्या टप्प्यात हाती घेण्यात आले. काठाने चालण्याचे आणि सायकलीचे मार्ग होणार, हे या योजनेचे एक मोठे आकर्षण म्हणून मांडले जाते. तिच्यावरचे आक्षेपही सर्वश्रुत आहेत. काठ भरून घेतल्याने पात्राची पूर वाहून नेण्याची शक्ती घटेल, काठावरची झाडी आणि तिच्या आश्रयाने राहणारे पक्षी जातील, आणि सांडपाणी पुरते शुद्ध होण्यापूर्वी काठाची सजावट करणे म्हणजे उलटा क्रम होय, असे नागरिकांच्या संघटनांनी वारंवार सांगितले आहे. एप्रिल २०२३ मध्ये झाडांसाठी लोक रस्त्यावरही उतरले.

हे आक्षेप हलक्याने घेण्याजोगे नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेने पेठांतून काय नेले, हे पुण्याला सांगावे लागत नाही. तो धरणफुटीचा अपवाद म्हणून बाजूला ठेवला, तरी २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, ते धरण शाबूत असताना. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, ही पुणेकराच्या पावसाळ्याची नेहमीची बातमी आहे. तेव्हा अगदी पात्रालगतचा सायकलमार्ग हा वर्षातले काही दिवस नदीचाच राहणार, हे गृहीत धरून तो साधा, स्वस्त आणि पाणी ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरता येईल असा असला पाहिजे. काँक्रीटच्या भिंतींचा खर्च सायकलीच्या नावावर मांडला जाऊ नये. सायकलीला भिंत लागत नाही. तिला सपाट, सावलीची आणि सलग वाट लागते.

परंतु नदीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असा एक प्रश्न या चर्चेत मागे पडला आहे. नदीकाठचा मार्ग उत्तम झाला असे क्षणभर धरून चालू. बुधवार पेठेतला माणूस सायकलीवरून त्या मार्गापर्यंत पोहोचणार कसा? नदी येथून फार दूर नाही. सरळ रेषेत गेले तर पायीसुद्धा काही मिनिटांचीच वाट आहे. परंतु मध्ये शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता यांची एकेरी वाहतूक आहे, लक्ष्मी रस्त्याची गर्दी आहे, दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या मोटारी आहेत, आणि पुलाच्या तोंडाशी चारी दिशांनी येणाऱ्या वाहनांचा लोंढा आहे. हे अंतर जर सायकलीने ओलांडता येत नसेल, तर नदीकाठी येणारा माणूस मोटारीच्या पाठीला सायकल बांधून येईल, मोटार उभी करायला जागा मागेल, दहा किलोमीटर फिरेल आणि मोटारीनेच घरी जाईल. सार्वजनिक खर्चाने बांधलेला मार्ग मग सार्वजनिक राहील तो नावापुरता. बैलगाडीच्या चाकाला नुसती धाव असून भागत नाही. तुंब्यापासून धावेपर्यंत आरे लागतात, तेव्हा ते चाक ओझे पेलते. पुण्याचा विचार आज धावेपाशीच अडकला आहे.

रविवारची सायकल बुधवारपर्यंत नेता येते, याची उदाहरणे जगात आहेत. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्ते मोटारींना बंद करून सायकलींना आणि पादचाऱ्यांना दिले जातात. आज हे जाळे शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे आहे. त्यातला लक्षणीय भाग असा, की हा उपक्रम शहराबाहेरच्या उद्यानात नव्हे, तर रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर चालतो. श्रीमंत आणि गरीब वस्त्या तो एकाच दोऱ्यात ओवतो. पुढे त्याच शहराने रोजच्या वापराचे सायकलमार्ग मोठ्या प्रमाणावर बांधले. नेदरलँड्समध्येही सायकल ही जन्मजात सवय म्हणून टिकली असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी तिला मागे रेटले होते. रस्त्यांवर मुले मरू लागली म्हणून पालक चिडून उठले, त्यातच १९७३ चे तेलसंकट आले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मोटारीविना रविवार पाळले गेले. नंतरच्या सरकारांनी त्या रविवारांतून धडा घेतला. पॅरिसने सीन नदीच्या डाव्या काठावरचा मोटारींचा रस्ता २०१३ मध्ये आणि उजव्या काठावरचा २०१६ मध्ये लोकांसाठी मोकळा केला. परंतु त्याहूनही बुधवार पेठेच्या कामाचे उदाहरण निराळे आहे. फ्रान्समध्ये २००८ पासून, ज्या भागांत वाहनांना ताशी तीस किलोमीटरची मर्यादा आहे, तेथील एकेरी रस्त्यांवरून सायकलींना दोन्ही दिशांनी जाण्याची सर्वसाधारण मुभा मिळाली. त्यासाठी पूल बांधावे लागले नाहीत; पाट्या आणि पांढरा रंग प्रामुख्याने लागला.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की पेठांचे रस्ते अरुंद आहेत, तेथे सायकलीसाठी वेगळी पट्टी काढणार कोठून? वस्तुतः अरुंद रस्ता हाच सायकलीच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद आहे. एका उभ्या मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. रुंदी वाढविता येत नाही, तेथे थोड्या जागेत अधिक माणसे नेणाऱ्या साधनाला प्राधान्य देणे हाच काटकसरीचा मार्ग उरतो. पेठांत वेगळ्या पट्टीची गरजही सर्वत्र नाही. वाहनांचा वेग कायद्याने आणि रचनेने उतरविला, रस्त्याच्या एका अंगाला गाड्या उभ्या करण्यास मनाई केली आणि ती मनाई खरोखर अमलात आणली, तरी पुष्कळ साधेल. दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा असतो, की गाडी दारात थांबली नाही तर गिऱ्हाईक तुटेल. या भीतीची परीक्षा घेण्याची सोय शहरातच उपलब्ध आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करण्याची प्रथा महानगरपालिकेने पाडली. परंतु वर्षातल्या एका दिवसाच्या उत्सवावरून व्यापाराचा कल समजत नाही. सलग तीन महिने, आधी जाहीर करून, विक्रीच्या नोंदी व्यापारी संघटनांच्याच हाती ठेवून हा प्रयोग केला, तर वाद तर्कावर न राहता आकड्यांवर येईल. तोटा झालाच तर तोही मान्य करण्याची तयारी हवी.

मागणी फार मोठी नाही. बुधवार पेठेतून मुठेच्या काठापर्यंत दोन-तीन वाटा निश्चित कराव्यात. त्यांवर सायकलींना दोन्ही दिशांनी मुभा द्यावी, चौकांत त्यांना आधी सुटण्याची सोय करावी, आणि पुलांवर कठड्यालगतची थोडी जागा राखावी. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके पेठांच्या ऐन गाभ्यात आली आहेत. तेथे पहारा असलेला, फुकट किंवा नाममात्र दराचा सायकलतळ असावा. चोरीची भीती हेही सायकल न वापरण्याचे कारण असते, हे नियोजनकार विसरतात, सायकलवाला विसरत नाही. नदीकाठच्या मार्गाला संध्याकाळी दिवे हवेत आणि वर्दळ हवी. अन्यथा तो पुरुषांपुरता आणि पहाटेपुरता उरेल. हे सारे मिळून होणारा खर्च नदीकाठच्या भिंतींच्या काही मीटरांएवढा असेल-नसेल. परंतु भिंतींना कोनशिला बसते, पांढऱ्या पट्ट्यांना बसत नाही, ही खरी अडचण आहे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. देशोदेशींचे स्वार आले, त्यांच्यासाठी रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले, आणि लोकांनी दुतर्फा उभे राहून त्यांचे स्वागत केले. मुंबई-पुणे शर्यतीतल्या 'घाटाच्या राजा'चे कौतुक करीत आलेल्या शहराला हे साजेसेच झाले. या शर्यतीने एक गोष्ट मात्र निर्विवाद सिद्ध केली: मनात आणले तर प्रशासनाला ठरल्या तारखेच्या आत खड्डे बुजविता येतात, अडथळे हटविता येतात आणि मोटारींना थांबविता येते. तेव्हा पैसा नाही, जागा नाही, वेळ नाही ही कारणे यापुढे तितक्याशा आत्मविश्वासाने सांगता येणार नाहीत.

नदीकाठचा सुंदर मार्ग पुण्याला मिळावा, यात दुमत असू नये. मात्र त्याच्या यशाची मोजणी उद्घाटनाच्या रविवारी किती सायकली आल्या यावरून होऊ नये. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके घेतलेला विद्यार्थी, किंवा दुकान बंद करून निघालेला तपकीर गल्लीतला नोकर, आठवड्याच्या कोणत्याही साध्या दिवशी, संध्याकाळी सातच्या गर्दीत, सायकलीवर बसून नदीच्या काठाने सुखरूप घरी पोहोचला काय, हे विचारले जावे. त्याचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत हा मार्ग बाग म्हणून गणला जाईल, रस्ता म्हणून नव्हे. आणि बागेसाठी काढलेला खर्च वाहतुकीच्या खात्यावर मांडण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.